फास्टचा बारावा अर्थ

माझी नणंद झिला बॅराक्लफ कापडगिरणीच्या रंगशाळेत नमुने जुळवायची. व्यापाऱ्याकडून बोटभर कापडाची चिंधी यायची, आणि तोच रंग आपल्या शंभर ठाणांवर चढलाय की नाही, हे झिला उत्तरेच्या खिडकीशी उभी राहून सांगायची. ती नाही म्हणाली की माल परत रंगाच्या कढईत. मालकसुद्धा तिच्याशी वाद घालत नसे. हॉक्सडेन गावात बाईमाणसाला हे काम तिच्याआधी कुणी दिलं नव्हतं. तिचे वडील जोनस, म्हणजे माझे सासरे, त्याच रंगशाळेत चाळीस वर्षं कढईवर होते. त्यांची नखं कायमची निळी झाली होती. "डोळा माझा घेतलाय पोरीनं," ते म्हणायचे, "नाक घेतलं नाही हे तिचं नशीब."

मी डोंगरापलीकडची, लँकेशरच्या बाजूची. हायरमशी लग्न करून इकडे आले तेव्हा माझं बोलणं ऐकून इथल्या बाया तोंडाला एप्रन लावून हसायच्या. झिला हसली नाही. ती विचारायची, "केतुरा, याला तुमच्याकडे काय म्हणतात गं?" आणि मी सांगितलं की ते एकदा स्वतःशी पुटपुटायची. मला वाटायचं, मन राखायला विचारतेय. नंतर कळलं, तिला खरंच हवं असायचं ते.

क्लेमंट ऑर्मरॉड मास्तर गावच्या शाळेवर आले तेव्हा झिला तिशीची होती. मास्तर दक्षिणेकडचे, बारीक, नेहमी सर्दी झालेले, एकटे. शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांच्या धाकानं मुलं घरची बोली विसरत चाललीत, ती बोली मरायच्या आत पुस्तकात उतरवायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. एकदा ते वर्गातल्या मुलांना रंगशाळा दाखवायला घेऊन आले, आणि झिलाच्या हातातल्या लाल कापडाकडे बघून त्यांनी विचारलं, "हा रंग फास्ट आहे का?"

"फास्ट आहे, धुऊन जायचा नाही," झिला म्हणाली. "पण तुम्ही उभे आहात त्या चिखलात कालच एक गाडी रुतून फास्ट झाली होती, तेव्हा जरा अलीकडे या. आणि मास्तर, तुमचं घड्याळ पाच मिनिटं फास्ट आहे. मुलांना आमच्या जेवणाच्या भोंग्याआधी घेऊन जाल."

मास्तर चिखलातून हललेच नाहीत. खिशातून पेन्सिल काढून तिथंच लिहायला लागले.

तिथून सुरुवात झाली. शनिवारी एक वाजता गिरणी सुटली की झिला हातपाय धुऊन, स्वच्छ कॉलर लावून शाळेत जायची. रिकाम्या वर्गात शेगडीपाशी दोघं बसायचे. आठवडाभर तिनं कानांनी वेचलेलं ती सांगायची आणि दोघं मिळून पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर उतरवायचे: शब्द, अर्थ, कुणाच्या तोंडून, कुठं. चिठ्ठ्या चहाच्या लाकडी पेटीत. शाळेच्या दाराची खिट्टी मोडकी होती, अडसर घातला नाही तर दार वाऱ्यानं उघडायचं आणि सगळ्या चिठ्ठ्या उडायच्या. म्हणून ते अडसर घालून बसायचे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

शब्द हजारांनी जमले, पण दोघांचा जीव अडकला तो पहिल्याच शब्दात. खाणीतला एनॉस म्हणायचा, दगड फास्ट आहे, म्हणजे अजून सुटा झाला नाही. चर्चला फास्ट असलेलं घर म्हणजे चर्चला खेटून असलेलं. काम सुटलेला माणूस कामासाठी फास्ट असायचा, म्हणजे त्याचं त्यावाचून अडलेलं असायचं. तान्हं मूल फास्ट झोपायचं. चॅपलमध्ये पाद्रीबाबा सांगायचे तो उपवासही फास्टच. आणि टपालगाडीही फास्टच.

"एकच शब्द दगडासारखा जागचा हलत नाही," झिला घरी येऊन भाकरी थापताना म्हणायची, "आणि तोच शब्द उठून पळतो. असं कसं झालं असेल?"

उपवासाचं कोडं तिनं स्वतःच सोडवलं. उपवास म्हणजे नियमाला घट्ट धरून बसणं, घट्टपणाच तो. पण वेगाचं काही जमेना. मास्तर म्हणायचे, ते दोन वेगळे शब्द असणार, नुसते जुळ्या भावांसारखे दिसणारे. झिलाला ते पटत नव्हतं.

उत्तर दिलं माझ्या सासऱ्यांनी. छातीच्या दुखण्यानं त्यांना पार झोपवलं होतं. त्यांची खाट आम्ही खालच्या खोलीत विस्तवापाशी आणली होती. झिलाची बडबड ऐकत पडले होते, मधेच म्हणाले, "सशाच्या मागं कुत्रा बघितलास का कधी?"

"बघितलाय, बाबा."

"चांगला कुत्रा सशाला फास्ट असतो. म्हणजे काय? सोडत नाही, चिकटलेला असतो. ससा पळतोय म्हणून त्याला पळावं लागतं. लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? नुसता वेग. घट्टपणा त्या कुत्र्यालाच ठाऊक." एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली ती दहा मिनिटं थांबली नाही. मी त्यांची पाठ धरून बसले होते आणि झिला त्या खोकल्यातच चिठ्ठी लिहीत होती. पुढं चर्चच्या पेटीत अडीचशे वर्षांपूर्वीचा एक कागद तिला सापडला. चोराच्या मागं गावकरी 'फास्ट लागले' असं त्यात होतं. अर्थ घट्ट की वेगात, दोन्ही लागत होते. त्या शनिवारी ती शाळेतून आली ती गाणं म्हणतच आली.

आता माझं सांगते.

सासऱ्यांचं सगळं अंथरुणात होतं. झिला पगार आणायची, संध्याकाळी त्यांना भरवायची, मी काही तिला आळशी म्हणणार नाही. पण शनिवार दुपार तिची असायची आणि माझी नसायची. माझ्या दोन मुली, तिसरी पोटात, आणि म्हातारा. एका ऑगस्टातल्या शनिवारी त्यांची चादर मी तिसऱ्यांदा धुतली आणि पिळून हिरवळीवर वाळत घालायला गेले. चार बाया तिथं होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "एकटीच का गं? नणंदबाई कुठंय?"

मी म्हटलं, "ती? अगं, झिला फार फास्ट बाई आहे. दार फास्ट घालून मास्तरांशी बसलीय."

फास्ट बाई म्हणजे काय, ते सांगायला नको. चालू. पुरुषांत मोकळी वावरणारी. बाया अशा हसल्या की एकीच्या हातातलं ओलं धुणं गवतात पडलं. मलाही बरं वाटलं. इथं आल्यापासून माझ्या बोलीवर हसायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या विनोदाला हसल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडे मला एक हॅट दिसली. मास्तर वाटेनं शाळेकडे निघाले होते, झिला तिथं एकटीच त्यांची वाट बघत बसली असणार. हॅट थांबली. मग मास्तर पुढं झाले, आमच्याकडे बघून हॅट उचलली आणि गेले. दोन आठवडे मी झिलाच्या तोंडाकडे बघत काढले. त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, किती सभ्य माणूस आहे.

सासरे त्या हिवाळ्यात गेले.

पुस्तक यायला आणखी दोन वर्षं लागली. एकूण नऊ वर्षं झिला शनिवारी शाळेत गेली. तिच्या मनात आणखी काही होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. एवढं मात्र सांगते, आमच्या बोलीत 'फास्ट मित्र' म्हणजे जिवाभावाचा, न सुटणारा. ती चिठ्ठी तिनं लिहिली तेव्हा मी टेबलापाशी होते. उदाहरण काय द्यावं म्हणून ती थांबली आणि मग तिनं लिहिलं, 'क्लेमंट आणि मी आठ वर्षांपासूनचे फास्ट मित्र.' नंतर नावं खोडली, तिथं दोन खाणवाल्यांची नावं घातली. खोडताना लालबुंद झाली होती.

पुस्तक रेल्वेनं आलं, खोक्यांतून. एक प्रत हायरमनं आधीच सांगून ठेवली होती. रविवारी चॅपलहून येऊन आम्ही जेवलो, मी टेबल पुसलं आणि हायरम म्हणाला, "चल, वाच बघू तुझं पुस्तक."

"माझं नाही, मास्तरांचं," झिला म्हणाली, पण हसत होती.

प्रस्तावना तिनं मोठ्यानं वाचली. मास्तरांनी चर्चच्या रेक्टरांचे आभार मानले होते, गिरणीमालकाचे, खोकी वेळेवर पोचवल्याबद्दल स्टेशनमास्तरचेसुद्धा. 'आणि या खोऱ्यातल्या असंख्य साध्याभोळ्या माणसांचे.' इथं प्रस्तावना संपली. झिलानं पान उलटलं, परत मागं केलं.

"तुझं नाव कुठाय?" हायरमनं विचारलं.

"आत असेल. ज्याचं त्याच्या शब्दापाशी घातलं असेल."

तिनं फास्ट काढला. अडीच पानं. पुस्तकात दुसऱ्या कुठल्याच शब्दाला एवढी जागा नव्हती. तिचा चेहरा परत खुलला. बोट ठेवून ती एकेक अर्थ वाचत गेली, अकरा अर्थ, आणि आम्हाला प्रत्येक माणूस ओळखू येत होता, नावं नसली तरी. अकराव्यात सशाचं आलं. सगळं होतं, ससा, कुत्रा, लांबून बघणारा, आणि वर लिहिलं होतं, 'प्रस्तुत लेखकाच्या मते.'

"बाबांचं आहे हे," हायरम म्हणाला.

"हो." झिलानं बोट काढलं नाही. "छापताना राहिलं असेल."

"काय राहिलं असेल? 'लेखकाच्या मते' एवढं छापायचं बरं राहिलं नाही."

"हायरम, वाचू दे मला."

बारावा अर्थ तिनं त्याच आवाजात वाचला, कारण तिला ठाऊक नव्हतं पुढं काय आहे. "बारा. स्त्रीविषयी: सैल वर्तनाची, पुरुषांत अति मोकळी वावरणारी. उदाहरण, हॉक्सडेन, कपडे धुणाऱ्या बायांच्या तोंडून: 'झि— फार फास्ट बाई आहे. दार फास्ट घालून मास्तरांशी बसलीय.' एकाच वाक्यात दोन अर्थ आल्याचा दुर्मिळ नमुना."

नावाच्या जागी एक अक्षर होतं आणि पुढं रेघ.

माझी थोरली मुलगी म्हणाली, "झि म्हणजे आत्याच ना?" हायरमनं तिला बाहेर पाठवलं. झिलानं ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात. ओठ तेवढे हलत होते, अगदी ती एखादा नवा शब्द ऐकल्यावर पुटपुटायची तसे. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आधारासाठी बघतेय.

"केतुरा," ती म्हणाली, "शाल घे. माझ्याबरोबर चल. मास्तरांकडे एकटी गेले तर त्यांना आणखी एक उदाहरण मिळेल."

मास्तर शाळेमागच्या घरात राहायचे. दार त्यांनीच उघडलं, आनंदात होते. "मिस बॅराक्लफ! पाहिलंत? छपाई किती सुंदर झालीय! आत या ना, मिसेस बॅराक्लफ, तुम्हीही या."

"इथंच ठीक आहे, दार उघडं ठेवून," झिला म्हणाली. "बारावा अर्थ वाचला."

त्यांचा चेहरा जरासा उतरला. जरासाच. "मी नाव दिलेलं नाही."

"झि नं सुरू होणारं दुसरं कोण आहे गावात? मेंढीसुद्धा नाही."

"लीड्स, लंडनच्या विद्वानांना काय कळणार हॉक्सडेनमधली झि कोण ते?"

"मी लंडनात राहत नाही, मास्तर. हे खरंच कुणी म्हणालं? की तुम्ही रचलंत?"

"रचलं?" आता मात्र ते दुखावले. "मी एकही वाक्य रचलेलं नाही. माझ्या कानांनी ऐकलंय, दोन वर्षांपूर्वी, हिरवळीपाशी. घरी येईपर्यंत विसरेन म्हणून भिंतीवर वही टेकून तिथंच लिहिलं."

"आणि काय म्हणालात?"

"कुणाला?"

"त्या बाईला. हे खोटं आहे, असं म्हणालात का? दाराची खिट्टी मोडलीय, एवढं तरी?"

देवाशपथ सांगते, मास्तरांना प्रश्नच समजला नव्हता. "मी मधे बोललो असतो तर ती माणसं माझ्यासमोर पुन्हा मोकळेपणानं बोलली नसती," ते म्हणाले. "तुम्हाला तर हे कळायला हवं. शेवटी तुम्ही... आपण एकत्र काम केलंय."

"मला नंतर का नाही सांगितलंत? त्याच दिवशी मी तुमच्यासमोर बसले होते ना? शेगडी पेटवून, तुमची वाट बघत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

झिला हसली. असं हसणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "म्हणून छापलंत? कोण होती ती?"

मास्तरांची नजर वळली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांना ठाऊक होतं. हॅट उचलली तेव्हा त्यांनी मला नीट बघितलं होतं. मग ते म्हणाले, "ज्यांच्याकडून शब्द मिळतात त्यांची नावं मी उघड करत नाही. माझा नियम आहे तो."

माझं झाकलं त्यांनी, झिलाचं झाकलं नाही. आणि मी, माझी मला शरम वाटते, मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

"आणि ससा?" झिला म्हणाली. "ससाही नियमात बसला का?"

"तुमच्या वडिलांनी एक गमतीदार गोष्ट सांगितली, मिस बॅराक्लफ. तिचं शास्त्र मी केलं."

पुढच्या शनिवारी तीन वाजता इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे गावच्या वाचनालयाच्या, सभागृहात पुस्तकाचा समारंभ होता. मास्तरांनीच पूर्वी ठरवलं होतं की चिठ्ठ्यांची पेटी झिलानं व्यासपीठावर आणून ठेवायची, लोकांना बघायला. छपाईनंतर पेटी आमच्याच घरी आली होती. हायरम म्हणाला, "पाठवू नकोस. विस्तवात घाल." ती म्हणाली, "बाबांच्या चिठ्ठ्या विस्तवात? वेड लागलंय का तुला?" आणि पेटी हायरमच्या खांद्यावर देऊन ती निघाली, त्याच स्वच्छ कॉलरमध्ये.

सभागृह भरलं होतं. त्या आठवड्यात सगळ्या गावानं ते पान वाचलं होतं. वाचता न येणाऱ्यांनीही. ती आत आली तशी कुजबुज झाली. रेक्टर बोलले, मालक बोलले, मास्तर बोलले आणि टाळ्या झाल्या. मग मास्तरांनी पेटीकडे हात करून म्हटलं, "आणि या चिठ्ठ्या, ज्यांच्यावर हे सगळं उभं आहे."

झिला उठून पेटीपाशी गेली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं फास्टचा गठ्ठा काढला आणि वाचायला लागली. अर्थ आणि माणूस, माणूस आणि अर्थ. "दगड फास्ट आहे, अजून सुटला नाही: एनॉस हॉलस, वरची खाण."

मागून एनॉसचा आवाज आला, "होय, मीच म्हटलं होतं ते."

"कामासाठी फास्ट: सायलस पिकल्स, ज्या वर्षी गिरणी बंद होती."

"बरोबर," सायलस म्हणाला. कुणीतरी टाळी वाजवली. रेक्टर खाकरले. झिला थांबली नाही. पाळण्यातलं मूल कुणाचं, चिखलातली गाडी कुणाची, सगळं तिनं सांगितलं आणि एकेक माणूस जागेवरून हुंकार देत गेला. मास्तर खुर्चीत हसू धरून बसले होते. मग सशाची चिठ्ठी आली. "जोनस बॅराक्लफ, रंगारी. खाटेवर, मरणाच्या आदल्या शरदात. लेखकाच्या मते नाही. जोनस बॅराक्लफच्या मते." हायरम माझ्या शेजारी बसून रडत होता.

"आता बारावा अर्थ," ती म्हणाली. "याची चिठ्ठी या पेटीत नाही. ती मास्तरांच्या वहीत आहे. पण तो तुम्ही सगळ्यांनी वाचलाय." तिनं वाक्य पाठ म्हटलं, एक अक्षरही न चुकता. "इथं असलेल्या प्रत्येकानं आपापलं वाक्य आपलं म्हटलं. हे ज्या बाईचं आहे तिनंही म्हणावं. मी रागावणार नाही. यादी पुरी होईल."

हिरवळीवरच्या त्या चारही बाया तिथं होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांनी माझ्यावर केलेले उपकार. मी मांडीवरच्या हातांकडे बघत बसले. उठायचं एवढंच होतं. झिला थांबली, चांगली मिनिटभर थांबली असेल. मग तिनं चिठ्ठ्या गोळा केल्या, पेटीचं झाकण लावलं, आणि रेक्टरांनी घाईघाईनं स्तोत्र सुरू केलं.

त्यानंतरचा आठवडाभर ती गिरणी सुटल्यावर गावभर फिरली. दारोदार जाऊन ज्याच्या त्याच्या चिठ्ठ्या त्याला परत दिल्या. "या तुझ्या," एवढंच म्हणायची. एनॉसनं त्याची चिठ्ठी घड्याळामागं लावली. काहींनी विस्तव पेटवायला वापरल्या. पेटी रिकामी होत आली.

शुक्रवारी ती स्वयंपाकघरात आली आणि दोऱ्यानं बांधलेला एक गठ्ठा तिनं माझ्यापुढं ठेवला. "या तुझ्या. त्रेचाळीस आहेत. डोंगरापलीकडचे शब्द."

मी वरचीच चिठ्ठी बघितली. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात मी म्हटलेलं काहीतरी होतं, तारखेसकट. मला राहवेना. "झिला, ते मी म्हटलं होतं. हिरवळीवर. बाबांची चादर धूत होते, जीव मेटाकुटीला आला होता, तोंडातून गेलं. मला तसं म्हणायचं..."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"टेबलावर वाचलं तेव्हापासून. या गावात दार फास्ट करतात, केतुरा. फास्ट घालतात ते तुमच्याकडे. मास्तरांनी जसं पडलं तसं उचललं, तेवढं मात्र त्यांनी चोख केलं." ती चुलीपाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. "वाटलं, मास्तरांच्या दारात म्हणशील. मग वाटलं, सभेत म्हणशील. इतकी वाट मी त्यांचीही बघितली नव्हती."

"मग सगळ्यांसमोर माझं नाव का नाही घेतलंस?"

"माझं घेतलं गेलं तेव्हा कसं वाटलं ते मला माहितीय ना."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला. झटकून नाही, नुसता काढून घेतला, आणि बटाटे सोलायला बसली. तिनं मला शिवी दिली असती तर मी वाचले असते.

शरदात ती ब्रॅडफर्डला एका मोठ्या रंगशाळेत गेली. जाताना मुलींना जवळ घेतलं, हायरमला घेतलं. दुसऱ्या वर्षी मास्तरांना दक्षिणेतल्या कुठल्याशा कॉलेजात नोकरी लागली. जाण्याआधी त्यांनी पुस्तकाच्या दुसऱ्या भागासाठी गावात पुष्कळ हेलपाटे घातले, पण पेन्सिल बाहेर निघाली की लोक हवापाण्यावर बोलायला लागायचे, आणि तेही शाळेत शिकवतात त्या भाषेत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. हायरमनं ती इन्स्टिट्यूटमध्ये उभ्यानं वाचली. ससा अजून लेखकाचाच होता. बाराव्या अर्थातलं वाक्यही होतं. फक्त झि काढून तिथं दुसरं अक्षर घातलं होतं.

झिलाची पत्रं हायरमच्या नावानं यायची. मुलींना आशीर्वाद असायचे, माझा उल्लेख नसायचा, वाईट उल्लेखही नसायचा. मी तीन पत्रं लिहिली आणि एकही टपालात टाकलं नाही.

अकरा वर्षांनी हायरम गेला तेव्हा ती आली. केस पांढरे झाले होते. दोन दिवस आमच्याकडे राहिली, मुलींबरोबर बसून रडली, माझ्या टेबलावर जेवली, भांडी पुसली. आमच्याकडे घरच्या माणसाला, मित्राला, देवालासुद्धा 'तू' म्हणतात. 'तुम्ही' असतं ते रेक्टरला, मालकाला आणि परक्याला. निघायच्या दिवशी मी तिला स्टेशनवर पोचवायला गेले. गाडी हलायच्या आधी तिनं खिडकी खाली केली.

"मिसेस बॅराक्लफ," ती म्हणाली, "तुम्ही आता घरी जा. वारा सुटलाय, तुम्हाला थंडी बाधेल."